पतसंस्था बुडाली आणि फिर्यादीत तुमचं नाव आलं, तर

पतसंस्था बुडाली की गावात पहिला विचार ठेवीदाराचा होतो आणि तो तसाच व्हायला हवा. मुलीच्या लग्नासाठी किंवा म्हातारपणीच्या औषधपाण्यासाठी ठेवलेले पैसे अडकले असतील, तर आरोपीच्या हक्कांबद्दल ऐकून घ्यायची कुणाची मनःस्थिती नसते. तरीही हा लेख आरोपीच्या बाजूने लिहिला आहे. अशा गुन्ह्याच्या फिर्यादीत अध्यक्ष असतो, व्यवस्थापक असतो, झाडून सगळे संचालक असतात, कर्ज विभागातला लिपिक असतो, कॅशियर असतो. पैसे चौघांनी खाल्लेले असतात आणि नावं वीस जणांची येतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं. या वीस जणांतून ते चार वेगळे काढायचं काम जितकं तपास अधिकाऱ्याचं, तितकंच बचावाचंही आहे.

मारामारीच्या गुन्ह्यात साक्षीदार बोलतात, आर्थिक गुन्ह्यात कागद बोलतो. त्यामुळे या गुन्ह्यांतला बचाव कोर्टातल्या युक्तिवादाच्या बराच आधी सुरू होतो. गुन्हा दाखल झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तुम्ही काय बोललात, कशावर सही केलीत आणि कोणते कागद जपलेत, यावर पुढची कित्येक वर्षं अवलंबून असतात.

पैसे बुडणं आणि पैसे बुडवणं

पैसे परत न मिळणं हा आपोआप गुन्हा ठरत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेचं ४२० कलम, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), लागायचं तर व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता, हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालय हे वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. ऊस वाहतुकीच्या ट्रकसाठी तारण घेऊन, मूल्यांकन करून कर्ज दिलं आणि ते थकलं, तर तो फार तर चुकलेला निर्णय. अस्तित्वातच नसलेल्या माणसाच्या नावाने कर्ज मंजूर झालं आणि रक्कम त्याच दिवशी रोखीने काढली गेली, तर तो गुन्हा. खरी लढाई या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात होते.

फिर्यादीत फसवणूक आणि अपहार ही दोन्ही कलमं सर्रास एकत्र लावली जातात. फसवणुकीत पैसे मिळवतानाच लबाडी असते. अपहारात पैसे रीतसर सोपवलेले असतात, लबाडी नंतर येते. एकाच व्यवहारात दोन्ही एकाच वेळी असू शकत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं आणि पोलीस व खालची न्यायालयं हा फरक पाहत नाहीत, याबद्दल नाराजीही व्यक्त केली. बचावाच्या वकिलाने फिर्याद हातात आल्यावर आधी हेच तपासावं.

कोणता कायदा लागतो, हेही इथेच पाहून घ्या. १ जुलै २०२४ च्या आधीच्या व्यवहारांना जुनी दंड संहिताच लागते. शिक्षेतही फरक आहे. साध्या अपहाराला जुन्या ४०६ खाली कमाल ३ वर्षं होती, नव्या ३१६(२) खाली ५ वर्षं आहे. घोटाळा २०२१ मधला असेल तर नव्या कलमाची वाढीव शिक्षा लावता येत नाही.

लिपिकाला बँकरचं कलम

आता एका आकड्याकडे बारकाईने पाहू, कारण अटक होणार की नाही हे अनेकदा तोच ठरवतो. अपहार कुणी केला त्यानुसार कलम बदलतं. लिपिकाने किंवा नोकराने केला तर जुनं ४०८, नवं ३१६(४), कमाल ७ वर्षं. लोकसेवक, बँकर, व्यापारी किंवा एजंट म्हणून पैसे सोपवलेल्या माणसाने केला तर जुनं ४०९, नवं ३१६(५), आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत.

घोटाळ्याच्या फिर्यादीत ४०९ सगळ्यांना एकत्रच लावलं जातं. त्यात महिना पंधरा हजारांवर काम करणारा काउंटरवरचा लिपिकही येतो. याचा परिणाम काय होतो पाहा. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नाही, कारणं लेखी नोंदवायची, गरज नसेल तर हजर राहण्याची नोटीस द्यायची, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात घालून दिला. कमाल शिक्षा ७ वर्षांवर गेली की हे संरक्षण बरंच पातळ होतं. ४०९ लागलं की दोषारोपपत्राची मुदतही ६० दिवसांवरून ९० दिवसांवर जाते. म्हणून लिपिकाच्या वकिलाने पहिल्याच जामीन अर्जात नेमणूकपत्र आणि पगाराची पावती जोडावी आणि म्हणावं की हा माणूस नोकर होता. ठेवी याच्याकडे बँकर म्हणून सोपवलेल्या नव्हत्या. अध्यक्षाला किंवा व्यवस्थापकाला हा मुद्दा इतक्या सहज मिळत नाही. कंपनीचा कारभार पाहणारा अध्यक्ष ‘एजंट’ या शब्दात बसतो, हे दालमिया खटल्यापासून, म्हणजे १९६२ पासून ठरलेलं आहे.

सह्याजीराव संचालक

संचालक म्हणून नाव होतं, म्हणून आरोपी, हे पुरेसं नाही. २०१५ मध्ये सुनील भारती मित्तल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीच्या गुन्ह्यासाठी पदाधिकाऱ्याला ओढायचं, तर त्याचा स्वतःचा सक्रिय सहभाग आणि गुन्हेगारी हेतू दाखवा, किंवा कायद्यातच तशी जबाबदारी लिहिलेली असली पाहिजे.

महाराष्ट्रात अडचण अशी की तशी जबाबदारी लिहिलेला कायदा आपल्याकडे आहे. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा १९९९ चा कायदा, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात. त्याच्या कलम ३ मध्ये प्रवर्तक, भागीदार, संचालक, व्यवस्थापक आणि कारभाराला जबाबदार असलेला कर्मचारी, सगळे येतात. शिक्षा ६ वर्षांपर्यंत. यातली ‘कपटाने केलेली कसूर’ ही कल्पना नेहमीच्या फसवणुकीपेक्षा बरीच रुंद आहे. ठेव घेतानाच न झेपणाऱ्या व्याजाचं आश्वासन दिलं होतं आणि त्यामुळे पैसे परत करता आले नाहीत, तर तेही कपटात धरलं जातं. ‘बाजार पडला हो, आमचा हेतू चांगला होता’ एवढ्यावर या कायद्याखाली सुटका होत नाही. या कायद्याचा आवाका न्यायालयांनीही मोठाच ठेवला आहे. एनएसईएल, म्हणजे नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या घोटाळ्यात ते एक्स्चेंजसुद्धा ‘वित्तीय आस्थापना’ ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं.

तेव्हा संचालकाचा बचाव ‘कारभाराला जबाबदार’ या शब्दांवर उभा राहतो आणि तो सभेच्या इतिवृत्तातच सापडतो. ज्या सभेत ते कर्ज मंजूर झालं, तिला तुम्ही हजर होतात का? हजेरीपटावरची सही तुमचीच आहे का? ठरावाचे सूचक-अनुमोदक कोण? विरोध नोंदवला होता का? कर्ज उपसमितीत तुम्ही होतात का? राजीनामा दिला होता म्हणता, तर त्या पत्रावर संस्थेचा आवक क्रमांक आणि शिक्का आहे का? आवक क्रमांक असलेली राजीनाम्याची एक प्रत कधीकधी शंभर पानी युक्तिवादापेक्षा जड भरते. उलट, दर महिन्याला भत्ता घेतला आणि कोऱ्या इतिवृत्तावर सह्या केल्या, हे रेकॉर्डवर असेल तर ‘मी फक्त सह्याजीराव होतो’ हे ऐकायला न्यायालय फारसं तयार नसतं. माझ्या मते ते योग्यच आहे.

कागद मिळवायचे कसे? सहकारी संस्था माहिती अधिकाराखाली थेट येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवलं. पण सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात असलेले लेखापरीक्षण अहवाल, दोष दुरुस्ती अहवाल, चौकशी अहवाल हे सरकारी कार्यालयातले कागद आहेत, त्यांसाठी अर्ज करता येतो. ‘अ’ वर्ग देणारे अहवाल ओळीने आले असतील आणि पुढच्याच वर्षी अपहार बाहेर आला असेल, तर मधल्या वर्षांत लेखापरीक्षकाला जे दिसलं नाही ते बिनपगारी संचालकाला कसं दिसावं, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

काहीही फाडू नका, मोबाईलवरचे चॅट पुसू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. आणि पुसलेला चॅट निर्दोषाचाही हेतू संशयास्पद करतो.

नोटीस, जबाब, अटक

नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस आली तर जा. ठरलेल्या तारखेला जा, हजर राहिल्याची नोंद घ्या. सहकार्य करणाऱ्याला अटक करायची तर अधिकाऱ्याला कारणं लिहावी लागतात. न जाणाऱ्याला अटक करणं सोपं होतं. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं आहे. व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ करणारा कुणी भेटला, तर तो चोर आहे, फोन ठेवून द्या. अशी अटक आपल्या कायद्यात नाही.

पोलिसांसमोरच्या जबाबावर सही करायची नसते, आणि पोलिसांना दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. म्हणून काय वाटेल ते बोलावं असं नाही, कारण तपासाची दिशा त्यावर ठरते. स्वतःला गोवणाऱ्या प्रश्नाला गप्प राहण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) ने दिला आहे. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही. ‘आठवत नाही, व्हाउचर पाहून सांगतो’ हे पूर्णपणे प्रामाणिक उत्तर आहे. पाच वर्षांपूर्वीची नोंद कुणालाही तोंडपाठ नसते.

कर्मचारी अडकतात ते एका ठरावीक वाक्यात: ‘साहेबांनी सांगितलं म्हणून एंट्री केली.’ बोलणाऱ्याला वाटतं, आपण सुटलो. तपास अधिकारी मात्र दोन गोष्टी लिहून घेतो. एंट्री यानेच केली, आणि ती नेहमीची नाही हे याला कळत होतं. साहेबांनी सांगितलं असेल तर त्याचा मेसेज, चिठ्ठी, व्हाउचरवरची त्यांची सही शोधून वकिलाकडे द्या आणि ती कधी, कशी मांडायची हे त्यांना ठरवू द्या.

अटक झालीच, तर तिची कारणं लेखी आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. सर्वोच्च न्यायालयाने हे ऑक्टोबर २०२३ मध्ये ईडीच्या अटकांबाबत सांगितलं. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये, मुंबईतल्याच एका अपघाताच्या प्रकरणात, सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. जागेवर देणं शक्य नसेल, तर दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी. मराठीच वाचता येणाऱ्या माणसाच्या हातात इंग्रजी कागद ठेवला असेल, तर वकिलाने रिमांडच्या वेळीच तोंड उघडावं. वकील करायची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कोठडीत असलेल्या माणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही.

जामीन

अटकपूर्व जामिनाचं कलम जुनं ४३८, नवं ४८२. आर्थिक गुन्हे हा वेगळाच, गंभीर वर्ग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं आणि सरकारी वकील हे वाक्य आजही प्रत्येक अर्जात वाचून दाखवतात. पण त्याच न्यायालयाने २०११ मध्ये टूजी स्पेक्ट्रम घोटाळ्याच्या प्रकरणात आणि पुन्हा २०२२ मध्ये सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात हेही सांगितलं आहे की नुसत्या ‘आर्थिक गुन्हा’ या शिक्क्यावर जामीन नाकारता येत नाही. दफ्तर जप्त झालं आहे, खाती गोठली आहेत, खरेदीखतं पोलिसांकडे आहेत. मग कोठडीत घेऊन नेमकं काय मिळवायचं आहे? अर्जाचा कणा हा प्रश्न असावा.

मग निघतो पैसे भरण्याचा विषय. ‘पंचवीस लाख भरतो, पण जामीन द्या.’ घरचे लोक हवालदिल झालेले असतात, शेत विकायलाही तयार होतात. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या एका अपहाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या पद्धतीवर बोट ठेवलं. रक्कम भरण्याच्या हमीवर जामीन मिळवायचा आणि बाहेर आल्यावर हमी पाळायची नाही, असं घडलं होतं. यापुढे जामिनाचा निर्णय प्रकरणाच्या गुणवत्तेवर करा, अशा हमीवर नको, असं न्यायालयाने उच्च आणि सत्र न्यायालयांना सांगितलं. ज्याने पैसे घेतलेच नाहीत त्या लिपिकासाठी हा मोठा आधार आहे. रक्कम भरायला तयार होणं म्हणजे कबुली नव्हे, हे वकील सांगतील. पण भरलेले पैसे परत मिळवणं किती अवघड असतं, तेही त्यांना विचारून घ्या.

कोठडीत असताना मुदत मोजत राहा. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पहिल्या रिमांडचा दिवस मोजणीत धरायचा, हे २०२३ मध्ये डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीच्या वाधवान बंधूंच्या प्रकरणात पक्कं झालं. मात्र हा हक्क मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आत मागावा लागतो. एका दिवसाच्या आळसात तो जातो.

ईडी आली की गणित बदलतं. मनी लाँडरिंग कायद्याच्या कलम ४५ नुसार, आरोपी दोषी नसल्याचं मानायला सबळ कारण आहे आणि तो सुटल्यावर गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. महिला, आजारी व्यक्ती, किंवा १ कोटीपेक्षा कमी रकमेचा आरोप असलेल्यांना यात सवलत मिळू शकते. कलम ५० खालचा जबाब शपथेवरचा असतो, त्यावर सही होते आणि तो पुराव्यात वापरला जातो, म्हणून तिथे पोलीस ठाण्यापेक्षा जास्त सावध राहावं लागतं. रात्रभर जागवून जबाब घेण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये कडक शब्दांत नापसंती नोंदवली. झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे, असं म्हटलं. खटला सुरूच होत नसेल तर या कायद्याखालीही जामीन मिळतो. दिल्लीचे माजी उपमुख्यमंत्री मनीष सिसोदियांना ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे १७ महिन्यांनी मिळाला तो याच कारणावर. आणि मूळ गुन्हाच रद्द झाला किंवा त्यातून निर्दोष सुटका झाली, तर ईडीचा खटलाही उभा राहत नाही.

रात्री ८ वाजून ४० मिनिटांची नोंद

आजचा अपहार खतावणीत होत नाही, संगणकात होतो. लहान संस्थांमध्ये लिपिकाचा पासवर्ड मॅनेजरला, शिपायाला, कधी सॉफ्टवेअरवाल्यालाही ठाऊक असतो. फॉरेन्सिक ऑडिटरच्या अहवालात मात्र छापून येतं: अमुक युजर आयडीवरून इतक्या लाखांचं हस्तांतर. समजा ती नोंद रात्री ८:४० ची आहे. हजेरी यंत्रात तुम्ही ५:३५ ला बाहेर पडल्याची नोंद आहे. कोणत्या संगणकावरून, कोणत्या आयपी पत्त्यावरून लॉगिन झालं, ते सर्व्हरच्या लॉगमध्ये असतं. हा लॉग आणि सीसीटीव्हीचं चित्रण काही काळाने पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याचा अर्ज संस्थेवर नेमलेल्या प्रशासकाकडे, तपास अधिकाऱ्याकडे आणि गरज पडली तर न्यायालयात लगेच द्यावा.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रती कोर्टात चालायच्या तर प्रमाणपत्र लागतं. हा नियम पक्का करणारा २०२० चा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या निवडणूक वादात उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्याच्या चित्रणावर अडलं होतं. मूळ उपकरण हजर नसेल तर प्रमाणपत्राशिवाय प्रत चालणार नाही, असं तीन न्यायाधीशांनी ठरवलं. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये याचे दोन भाग आहेत. एकावर उपकरण सांभाळणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि फाइलची हॅश किंमत नोंदवायची. ही किंमत म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला एक आकडा. फाइलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो बदलतो. जप्तीच्या पंचनाम्यात एक आकडा आणि न्यायालयात आलेल्या प्रतीचा दुसरा, असं निघालं तर सरकारी पक्षाच्या त्या पुराव्याचा पाया हलतो.

दोषारोपपत्रानंतर

अशा खटल्यांत दोषारोपपत्र गोण्यांनी येतं. आधी आपल्या नावापुरती पानं काढा, मग पैशाचा प्रवास आखा: संस्थेतून कुठल्या खात्यात, तिथून कुणाकडे. तुमच्या किंवा तुमच्या घरच्यांच्या खात्यात एक रुपयाही आला नसेल, तर दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळं करा असा, अर्ज करण्यासारखा आहे. नव्या संहितेत त्याला ६० दिवसांची मुदत आहे. पूर्वी असं बंधन नव्हतं, त्यामुळे जुन्या सवयीने चालणाऱ्या वकिलांकडून ती चुकू शकते. उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेणं दोन व्यापाऱ्यांच्या वादात जमतं. शेकडो ठेवीदार असतील तर तडजोड झाली तरी न्यायालय सहसा हात आखडता घेतं.

खटल्यात निर्णायक ठरते ती लेखापरीक्षकाची उलटतपासणी. त्याचा अहवाल हे मत आहे, पुराव्याचा शेवटचा शब्द नाही. मूळ व्हाउचर पाहिली की फक्त संगणकातली यादी? आरोपीला खुलासा विचारला का? सगळ्या शाखा तपासल्या की एकच? कुणाच्या सांगण्यावरून कोणाला वगळलं? हे प्रश्न शांतपणे, पान क्रमांक सांगून विचारणारा वकील हवा. आवाज चढवणारा नको.

आणि सहकार कायद्याच्या कलम ८८ खालच्या चौकशीकडे दुर्लक्ष करू नका. नुकसानीची जबाबदारी निश्चित करणारी ही कार्यवाही फौजदारी खटल्याशेजारी स्वतंत्र चालते, आणि तिच्यात घर-जमिनीवर वसुली येऊ शकते. फौजदारी न्यायालयाने निर्दोष सोडलं तरी हा आदेश आपोआप जात नाही. त्याविरुद्ध वेगळं अपील करावं लागतं. अनेकजण तिथलं उत्तर संस्थेच्या एखाद्या ओळखीच्या माणसाकडून घाईत लिहून घेतात आणि त्यात ‘कर्ज वाटपाच्या वेळी मी उपस्थित होतो’ असं मान्य करून बसतात, जे जामीन अर्जात नाकारलेलं असतं. सरकारी वकील दोन्ही कागद शेजारी ठेवतो. म्हणून ८८ ची नोटीस हातात पडली की उत्तर देण्याआधी तिची प्रत फौजदारी वकिलाकडे पोचवा, आणि उत्तर दाखल केल्यावर पोच घेऊन तीही त्यांच्याच फाइलला लावा.